आबांचा ण

मी मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते, त्यामुळे स्वभाव किरकिरा झालाय, हे मान्य आहे. पण हा गुण मूळचा आबांचा. आबा, म्हणजे माझे वडील ज्ञानू, साताऱ्याकडचे. आयुष्यभर माथाडी, तरी बरोबरच्या सगळ्यांची गावाकडची पत्रं तेच लिहीत. एक ण चुकला तर अख्खं पत्र फाडत.

मशीद बंदरावर असताना एका जपानी खलाशाने त्यांना शाईचं पेन दिलं होतं. काळं, जाड. मागची घुंडी दोन आटे सैल केली तरच शाई उतरायची. टोपणावर त्यांनी सुईने 'ज्ञा' कोरला होता. तुर्भ्याला राहायला येताना, वाशीच्या पुलावर, टेम्पोतून वाकले आणि ते खिशातून थेट खाडीत पडलं.

तीस वर्षं त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. आता आठवणी गेल्या, माझं राजेश्वरी हे नावही गेलं, पेन मात्र आठवलं. दिवसभर खिसा चाचपायचे. भरवायला गेलं की हात झटकायचे. "आधी पेन दे." दोन महिन्यांत अकरा किलो उतरले.

दुसरं तसलंच मिळालं तर फसतील, म्हणून मी शोधत सुटले. संग्राहकांचे ग्रुप, वाशीतली दुकानं, भंगारवाले, कुणाला सोडलं नाही. इंटरनेटवरून काढलेला फोटो मी दिसेल त्याच्या नाकासमोर धरायचे. जपानमध्येच ते मिळत नाही, तुम्हाला कुठून मिळणार, म्हणून लोक हसायचे.

सोसायटीच्या गेटवर खाडीकाठच्या दिवाळे गावातली पुतळाबाई कोळीण मासळी घेऊन बसते. एका सकाळी तिलाही फोटो दाखवला. तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

"ये माज्या घरान हाय."

दुपारीच दिवाळं गाठलं. फळीवरच्या डब्यातून तिने पेन पदराने धरून काढलं. टोपणावर 'ज्ञा' होता.

"माजे दादल्याचं, देवजीचं," ती म्हणाली. "जाल्यान गावलं त्याला. लिवाला येत नवता, पन ये गावल्यापासून पत्रां लिवाचा. सातारला."

"साताऱ्याला कोण आहे तुमचं?"

"कोन नाय." ती दाराकडे बघत होती. "नऊ वर्सं झाली. होरी घेऊन खाडीन मासली माराला गेला, आला नाय. तुमी घेऊन जा. परत आनू नका."

आबांनी पेन हातात घेतलं, न सांगता घुंडी सैल केली आणि वही ओढली. त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी न्हाणीत जाऊन रडले, आनंदाने.

चौथ्या दिवशी वही पाहिली. अक्षर आबांचं नव्हतं.

'पुतला, पानी लय थंड हाय. कोन आयकत नाय.'

पानामागून पान तेच. एकही ण नव्हता.

मी पेन लपवलं. आबांनी ताट सरकवलं. दोन दिवस पाण्याचा घोटही घेतला नाही.

पेन परत दिलं.

"आबा, हे कोण लिहितंय?"

"कोन?" ते म्हणाले, आणि जेवू लागले.

आज दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी वही घेतली आणि हे सगळं लिहून काढलं. हाताशी दुसरं पेन नव्हतं. तीनदा तपासलंय. सव्वीस वर्षांची नजर आहे माझी, एकही चूक नाही.

कुनीही बघावं.