किल्ला इथेच का पडतो?

"हरला! कासव पुन्हा हरला!"

कार्डांच्या दुकानामागच्या खोलीत एकच गलका झाला. कासव मात्र हातातल्या कार्डांकडे नुसता बघत बसला होता. भिंगरी टेबलापाशी धावली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे मठ्ठा, ढाल हातात होती की तुझ्या! टाकली का नाहीस?"

"दिसलीच नाही गं," कासव पुटपुटला. "डोकं ठणकतंय."

भिंगरी, कासव आणि चष्मिस एकाच इमारतीत राहायचे आणि एकाच वर्गात शिकायचे. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम या दुकानातच होता. आपल्या पसंतीची कार्डं निवडून त्यांचा संच, म्हणजे डेक, बांधायचा आणि समोरच्याला नामोहरम करायचं, असा तो खेळ. या मोसमात दोनच डेकांचा बोलबाला होता. 'ठिणगी' म्हणजे धडाधड हल्ला. डाव चुटकीसरशी खलास! 'किल्ला' म्हणजे भिंती उभारून दम धरायचा आणि समोरचा थकला की त्याला गाठायचं. कासवाचा सगळा जीव किल्ल्यात. त्याला कासव उगाच म्हणत नसत.

"बाकी सगळीकडे किल्लाच जिंकतोय!" चष्मिस मोबाइल नाचवत म्हणाला. गावोगावच्या स्पर्धांचे निकाल त्याला तोंडपाठ असत. "नवी कार्डं आल्यापासून ठिणगीला कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडे? एक किल्ला टिकेल तर शपथ!"

"आपली पोरं हुशार आहेत, बाळा!" गल्ल्यावरून दुकानदारकाका हसले.

भिंगरीला ते पटेना. कार्डं तीच, नियम तेच. मग किल्ला इथेच का पडतो?

"कुणीतरी याची कार्डं बघून खुणा करतंय," ती कुजबुजली. "चला, पकडू या!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कासवाला भिंतीला टेकून बसवलं. कार्डांची कव्हरंही बदलली. भिंगरी आणि चष्मिस दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसारखे उभे राहिले. तरी शेवटी शेवटी कासवाने भलतंच कार्ड टाकलं आणि हरला. घरी जाताना जिन्यात त्याला उलटी झाली.

संध्याकाळी गच्चीवर मात्र याच कासवाने भिंगरीच्या ठिणगीचा पार धुव्वा उडवला. एकदा नाही, लागोपाठ!

"म्हणजे खोट डेकमध्ये नाही," भिंगरी म्हणाली. पण मग कशात, ते तिला सुचेना.

स्पर्धेच्या दिवशी खोली खचाखच भरली होती. आणि काय आश्चर्य! जो तो किल्ला घेऊन आला होता.

"मीच सगळ्यांना निकाल पाठवले," चष्मिस छाती फुगवून म्हणाला. "आता बघ, कसा रंग पालटतो ते!"

"डाव लांबणार हं आज!" दुकानदारकाका ओरडले. "एसी लावलाय, दार लोटून घ्या. कुणी उघडझाप करू नका!"

भिंगरी पहिल्याच फेरीत हरली आणि कासवाच्या मागे उभी राहिली. डाव रेंगाळू लागले. हळूहळू खोलीतली बडबडच बंद झाली. एरवी कावळ्यांसारखी कलकलणारी पोरं, आज कुणी जांभया देत होतं, कुणी कपाळ चोळत होतं. भिंगरीचंही डोकं जड झालं, पोटात ढवळायला लागलं. ती धडपडत बाहेर रस्त्यावर आली. मोकळ्या हवेत जरा वेळ उभी राहिली आणि तिला हुशारी वाटली.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठिणगीवाले झटपट डाव आटपून बाहेर पळतात, ताजे होऊन परततात. किल्लावाले डावामागून डाव आतच बसून राहतात. त्या हवेत!

शेजारच्या लाँड्रीत पाणी तापवायचा मोठा गॅसचा बंब घुरघुरत होता. भिंगरी सरळ आत घुसली. बंबाचं धुराडं छपरापर्यंत पोहोचतच नव्हतं. मध्येच तुटून ते भिंतीतल्या झरोक्यात खुपसलेलं होतं. आणि ती भिंत कार्डांच्या खोलीची होती!

भिंगरीला आईचं बोलणं आठवलं. घरी गॅसचा गिझर लावायचा म्हटलं की आई आधी खिडकी उघडायची. "गॅस जळताना जो वायू सुटतो, त्याला वास नसतो बाई," ती बजावायची, "माणूस झोपेतच जातो."

"काका, बंब बंद करा! विषारी वायू पलीकडे जातोय!"

"ए पोरी, हो बाजूला!" लाँड्रीवाला खेकसला. "पाईप मोडलाय, तात्पुरती सोय केलीय. शेजाऱ्याला सांगितलंय मी."

ती दुकानदारकाकांकडे धावली.

"अगं, वाफ असते ती जराशी!" ते म्हणाले. "फायनल चाललीय, आणि तू काय काढलंयस? खिडकीसुद्धा बंद केलीय मी एसीसाठी. ऐन रंगात आलेला खेळ थांबवू?"

मोठ्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. भिंगरीने खोलीचं दार सताड उघडलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"कार्डांची नवी पाकिटं फुकट! बाहेर गाडी आलीय! पळा, संपतील!"

पोरं उठली. पण रोजच्यासारखी नाही. अडखळत, एकमेकांवर आदळत, भिंत धरून. चष्मिसने एकेकाला दंडाला धरून बाहेर ढकललं.

"अरे, लबाड पोरी! थांबा, थांबा!" दुकानदारकाका मागे धावत आले आणि दारातच थबकले.

फायनलच्या टेबलावरची दोघं उठलीच नव्हती. कासवाचं डोकं कार्डांवर टेकलं होतं. समोरची मुलगी खुर्चीतून खाली घसरली होती.

"कासवा!"

भिंगरीने श्वास रोखला, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला ओढू लागली. दुकानदारकाकांनी त्या मुलीला उचललं. तोवर चष्मिसने अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकेला फोन लावला होता. रस्त्यावर पोरं ओकत होती, रडत होती. पाकिटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दलाची गाडी येताच बंब बंद झाला. अग्निशमनचे साहेब हातातलं यंत्र घेऊन खोलीत शिरले आणि लगेच बाहेर आले. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"अजून थोडा वेळ गेला असता, तर इथून पोरं नसती, प्रेतं काढावी लागली असती," ते दोन्ही काकांना म्हणाले. "शहाण्यासुरत्या माणसांना कळलं नाही, ते या मुलीला कळलं. शाबास, पोरी!"

"साहेब, सगळ्यांना मीच सांगितलं होतं, किल्ला आणा म्हणून," चष्मिसला हुंदका आवरेना. "मीच त्यांना बसवून ठेवलं."

साहेब खाली वाकले. "तू खेळाचं सांगितलंस, बाळा. धुराडं तू नाही खुपसलंस. हे ओझं तुझं नाही."

ती मुलगी संध्याकाळी रुग्णालयात बोलायला लागली. कासवाला जाग आली ती दुसऱ्या दिवशी. त्याच्या आईने भिंगरीला पोटाशी धरलं. "तू होतीस म्हणून वाचला," ती म्हणाली. डॉक्टरांनीही भिंगरीची पाठ थोपटली. पण तिचं सगळं लक्ष पलंगाकडे होतं.

कासवाने पुन्हा डोळे उघडले. "चाल कुणाची आहे?"

"तुझी," भिंगरी म्हणाली.

तो छताकडे बघत राहिला. मग पुन्हा तिच्याकडे वळला. "चाल कुणाची आहे?"

आईने तोंडाला पदर लावला. स्मरण परतेल, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. भिंगरीने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि त्याचा हात हातात घेतला.

"तुझीच आहे, कासवा. सावकाश खेळ."