हिरवी जीभ आणि बाबांची पावली

काकाची जीभ हिरवीगार झाली होती आणि टेबलावरची पावली नाहीशी झाली होती. एकाच घरात, एकाच दुपारी दोन चमत्कार म्हणजे जरा जास्तच झालं.

"हार्लनकाका, तू च्युइंग गम कधीपासून खायला लागलास?" मारेनने विचारलं.

"आजपासून," काका चघळत म्हणाला. "लॉन्ड्रीत गेलो होतो. टेबलावरचं ते पाव डॉलरचं नाणं कपडे धुवायच्या यंत्रात टाकलं, तर यंत्राने परत थुंकलं! दरवेळी! म्हटलं, खोटं दिसतंय. मग दाराजवळच्या, नाणं टाकलं की गम देणाऱ्या जुन्या डब्यात सारलं. तो डबा काहीही गिळतो."

"ती बाबांची पावली होती!" मारेन ओरडली. बाबा मालवाहू जहाजावर होते. सरोवर गोठून जहाज थांबेपर्यंत घरी येणार नव्हते. दर रविवारी जहाज धक्क्याला लागलं की ते फोन करायचे आणि म्हणायचे, "फिरव गं!" मग ती टेबलावर त्यांची पावली गरगर फिरवायची आणि नाद विरेपर्यंत दोघंही ऐकत राहायची.

आज रविवार होता!

"दुसरी फिरव की," म्हणत काकाने खिशातली पावली फिरवली. ती खडखडत आडवी झाली.

"हिला सर्दी झालीय," तिचा सहा वर्षांचा भाऊ ऑगी म्हणाला.

आरडाओरडा ऐकून शेजारचा वेंडेल धावत आला आणि मारेनने त्याला सगळं सांगितलं. त्याच्या गळ्यात कायम भिंग असे, पोहतानासुद्धा. "यंत्राने थुंकली? मग खोटी नाही, चांदीची आहे! चौसष्ट सालापर्यंतच्या पावल्या चांदीच्या. कडेला तांब्याची पट्टी नसते. नाणी जमवणारे जीव टाकतात अशांवर!"

तिघं लॉन्ड्रीत पोचली, तेव्हा लॉन्ड्रीवाल्या गुंडरसनबाईंनी गमचा डबा नुकताच बादलीत रिकामा केला होता.

"बादलीला हात लावायचा नाही! सगळी नाणी बँकेसाठी कागदी नळ्यांत भरायचीयत मला."

"आम्ही भरून देतो, फुकट!" मारेन म्हणाली.

"सुट्टीत? फुकट?" बाईंनी ऑगीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नळ्यांत भरण्याआधी तिघं नाण्यांच्या चवडी रचू लागली. कडेला तपकिरी पट्टी, पुन्हा तपकिरी, पुन्हा तपकिरी. ऑगीला एक बटण आणि एक गम सापडला. त्याने बटण तेवढं परत केलं. आता शेवटची चवड उरली.

"पांढरी! ही बघ, पांढरी कड!" मारेन किंचाळली.

"किती मळलीय! थांब, पॉलिश लावून चमकवते," म्हणत बाई फडकं घेऊन आल्या.

"नको!" वेंडेल नाण्यावर आडवाच पडला. "घासलं की किंमत गेली! जमवणाऱ्यांना जुना मळच आवडतो!"

"मग त्यांना काकाची गादी दाखवा," ऑगी म्हणाला.

बाई पोट धरून हसल्या. "वस्ताद पोरं आहात! घेऊन जा. विकणार का गं?"

मारेनने नकारार्थी मान हलवली आणि त्या पावलीच्या बदली काकाची सर्दीवाली पावली खिशातून काढून बादलीत टाकली.

घरी पोचते तो फोन वाजलाच.

"फिरव गं!"

खणखणीत नाद घरभर घुमला आणि हळूहळू विरला. पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. हिरव्या जिभेचा काका हळूच पुटपुटला, "शाब्बास, पोरी."

"परत फिरव," बाबा म्हणाले.

मारेनने खिडकीबाहेर पाहिलं. सरोवर निळंशार पसरलं होतं, गोठायचं नावच घेत नव्हतं.

तिने पुन्हा पावली फिरवली.