ही गाडी पांढरी आहे

संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी केंग जिना चढून वर गेला, बायकोचं केस वाळवायचं मशीन मागायला. सगळं सुरू झालं ते तिथून.

एवढं बोलून चरूनकाका थांबले. लाम्पांग शहरातल्या त्या गाड्या धुवायच्या दुकानात आता एकच दिवा राहिला होता. तोमने नळ बंद केला. जिप एका जुन्या पिकअपच्या मागचा स्टिकर नखाने उचकटत होता, त्याचं नख तिथेच राहिलं.

"काका, भुताची आहे का? मला अजून तळ्याच्या रस्त्याने घरी जायचंय."

"भुताची कशाला असेल? केंगची आहे. माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचार त्याला. पण आधी ते नख काढ तिथून."

जिपने हात मागे घेतला. काकांनी विडी शिलगावली आणि सांगायला लागले.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपायची आदली रात्र होती. केंग तुमच्यासारखा गाड्या धुणारा नव्हता. तो रंगाचा माणूस. जुनी गाडी आली की तो आधी तिच्यावर दिवा धरायचा. उजेडात जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसायचे, आणि मग मशीनने, पॉलिशच्या मलमाने, हळूहळू एकेक ओरखडा काढायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा रंगावर हात ठेवायचा तो. त्याची बायको नुच म्हणायची, "माझ्या कपाळाला एवढ्या मायेने कधी हात लावला नाहीस."

त्या आठवड्यात त्याच्याकडे जी गाडी आली होती, तशी आख्ख्या देशात दुसरी सापडणं मुश्किल. जर्मनीची, दोन दारांची, माझ्यापेक्षा थोडीच लहान. रंग गडद हिरवा, शेवाळलेल्या तळ्यासारखा. त्या काळी रंगावर काचेसारखा वरचा थर देत नसत. त्यामुळे पॉलिश करताना रंगच निघून येतो. केंगचं पॉलिशचं फडकं हिरवं, नखं हिरवी, जेवायला बसला की भातालाही हिरवी बोटं लागायची.

गाडी होती विरत नावाच्या बँकॉकच्या माणसाची. बापाने को खा गावातल्या घरी शेडमध्ये ती चाळीस वर्षं झाकून ठेवली होती. बाप गेला आणि पोराने ताडपत्री काढली. मी सांगतोय त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चियांग माईच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जायची होती. सगळी झाली होती. फक्त डिकी राहिली होती, आणि डिकीवर एक स्टिकर. एकेक अक्षर कापून चिकटवलेलं. "ही गाडी पांढरी आहे."

जिप हसला. "माझ्या मामाच्या काळ्या गाडीवर 'ही गाडी लाल आहे' असं आहे."

"असणारच. तुझा मामा गुरुवारी जन्मलेला. गुरुवारवाल्याला काळा लाभत नाही, शनिवारवाल्याला हिरवा लाभत नाही. गाडी मनासारखी मिळते, रंग वाराला चालत नाही, मग लावायचा स्टिकर. नशीब येतं, वाचतं आणि फसून परत जातं. आपल्याकडे सगळेच करतात."

केंगही काही खुळा नव्हता. असा स्टिकर विचारल्याशिवाय काढत नाहीत हे त्याला माहीत होतं. त्याने विरतला फोन लावला. "साहेब, तुमचा वार कुठला?"

"शुक्रवार."

"मग हिरवा चालतो तुम्हाला. स्टिकर काढू?"

"काढा की. प्रदर्शनात लोक हसतील."

झालं. केंगने विरतचा वार विचारला. पण स्टिकर विरतने लावलाच नव्हता. ज्याने लावला होता त्याचा वार काही त्याने विचारला नाही. चुकलं ते इथेच.

तर केंग दुकानावरच्या घरात गेला. जुना स्टिकर गरम हवेने मऊ झाला की अलगद निघतो, म्हणून त्याला ते मशीन हवं होतं. नुच लेकीला न्हाऊ घालून पुसत होती. खिम तिचं नाव, नुकतीच चौथं सरलेलं.

"पोरीचे केस ओले आहेत आणि तुला मशीन हवंय? गाडीला सर्दी झालीय का?"

"पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं! लग्नाच्या दिवशी पाच मिनिटं म्हणून गेलास, आणि भिक्खू ताटकळून बसले."

तरी दिलं तिने. खिम त्याच्या मागे मागे खाली आली. बालवाडीत तिला त्या महिन्यात रंग शिकवत होते, त्यामुळे दिसेल त्या वस्तूवर बोट ठेवून ती रंग सांगत सुटायची. बादली निळी. झाडू पिवळा. आजोबांचे दात पिवळे. आजोबा म्हणजे मी.

तोम खुदकन हसला.

"बाबा, इथे काय लिहिलंय?"

"ही गाडी पांढरी आहे."

"खोटं!" खिम टाळ्या पिटून हसली. "हिरवी आहे! गाडी खोटं बोलते!"

"म्हणून तर काढतोय ना, राणी."

अक्षरं निघाली. पण गेली नाहीत. चाळीस वर्षं त्यांच्याखाली हवा पोचली नव्हती, म्हणून खालचा रंग जास्त गडद राहिला होता. कागद गेला तरी डिकीवर सावलीसारखं वाचता येत होतं, ही गाडी पांढरी आहे. केंगला ते कसं सहन होणार? त्याने पॉलिशचं मशीन चालू केलं. रंग पातळ होता, जरा जास्त घासला की पत्रा दिसला असता. श्वास धरून, एकेक अक्षर करत, तो ती सावली पुसत गेला. जेवायला नुचने दोनदा हाक मारली. तो वर आला नाही. केस वाळवायचं मशीनही वर आलं नाही.

नुच चिडली. ओल्या केसांनी पोर झोपली तर सर्दी होईल, म्हणून तिने खिमचं अंथरूण खिडकीशी सरकवलं आणि खिडकी उघडी टाकली. वाऱ्याने वाळतील तेवढे वाळतील म्हणून.

रात्री अकराच्या सुमाराला शेवटचं अक्षर गेलं. केंगने दिवा फिरवून बघितलं. कुठे काही नाही. गाडी आता नुसती हिरवी होती.

त्याने शटर खाली ओढलं. हात पुसले. तेवढ्यात शटरवर आवाज झाला. कुणी वाजवत नव्हतं. पत्र्याच्या पट्ट्यांवरून कुणीतरी नख ओढत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सावकाश.

"कोण आहे?"

"भाऊ..." बाईचा आवाज. आपल्याकडच्या जुन्या बायका बोलायच्या तशी बोली. "आत गाडी आहे ना एक?"

"आहे. उद्या चियांग माईला या बघायला. आता बंद झालं."

"बघायची नाही. विचारायचं होतं. कुठल्या रंगाची आहे?"

आता सांगा, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस काय सांगेल? केंगच्या ओठांवर शब्द आला होता. नुसता बाहेर पडायचा राहिला होता.

तेवढ्यात फोन वाजला. विरत होता.

"केंग, स्टिकर काढला का?"

"काढला. तुम्हीच म्हणालात..."

"परत लावा! आत्ताच्या आत्ता लावा! थांबा, सुपिनमावशींशी बोला. आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. मी सहज सांगितलं त्यांना, आणि तेव्हापासून नुसत्या रडतायत."

मग म्हातारीचा आवाज आला. कापरा. "पोरा, मालक, म्हणजे विरतचे वडील, सोमवारचे होते. त्यांना हिरवा चालत होता रे."

केंगने शटरकडे बघितलं. "मग स्टिकर कशाला लावला?"

"तिच्यासाठी."

नख पुन्हा ओढलं गेलं. टोकापासून टोकापर्यंत.

म्हातारी सांगत राहिली. एका संध्याकाळी को खाच्या वळणावर मालकांच्या गाडीखाली एक पोर आली. एवढीशी. मालक थांबले नाहीत. तिची आई शेतातून धावत आली, तेव्हा तिला लांब जाणारा फक्त हिरवा रंग दिसला. तो आख्खा पावसाळा ती दारोदार फिरली. हिरवी गाडी पाहिली का? हिरवी गाडी कुणाची? पाऊस संपायच्या आत ती त्याच वळणावर मरून पडलेली सापडली.

"पण विचारायचं थांबली नाही, पोरा. मेलेल्यांना रंग दिसत नाही. त्यांना सांगावा लागतो."

"मग... कुणी सांगितला?"



"मालकांच्या धाकट्या लेकीने. तिला कुठे काय ठाऊक? दाराशी बाईने विचारलं, तिने सांगितलं. सकाळी उठवायला गेले तर अंथरूण गार. त्यानंतर भिक्खूंनी ती अक्षरं लावायला सांगितली. तुझ्या घरात लेकरू नाही ना रे?"

केंगने फोन ठेवला नाही. तो हातातून पडला.

शटरच्या पलीकडून आवाज आला. "भाऊ, रंग?"

"पांढरा." केंग म्हणाला. "पांढरी आहे, ताई. पांढरी गाडी."



"खरं?"

"खरं."

"बरं."

नख थांबलं. पावलं वाजली नाहीत. गल्लीत कुत्रं भुंकलं नाही. केंगने जमिनीवरची अक्षरं गोळा केली. गरम हवेने ती आखडून गेली होती, कुठे चिकटेनात. तो गुडघ्यावर बसला होता. ती बाई गेली की नाही हे ऐकत होता.

आणि त्याला खिमचा आवाज ऐकू आला. वरून. खिडकीतून.

"हो. मला सगळे येतात."

...

"उशी? गुलाबी."

केंग उठला. जिन्यावर मलमाची बादली होती, ती लवंडली.

"पडदा? निळा."

तो वर धावला. सांडलेल्या मलमावरून त्याचे पाय पुन्हा पुन्हा घसरत होते.

"आईचा सदरा लाल. मांजर काळं."

वरच्या पायरीवरून त्याला दिसलं. नुच गाढ झोपलेली. खिम अंथरुणात उठून बसलेली. केस अजून दमट. तोंड खिडकीकडे. खिडकीत... खिडकीत काही नव्हतं. नुसता अंधार. पण बाहेर एवढं चांदणं पडलं होतं, मग तेवढ्याच चौकटीत अंधार कसा?

खिमने मान वाकडी केली. लहान पोरं प्रश्न ऐकताना करतात तशी.

"खालची गाडी?"

केंगने हात पुढे केला. पोचला नाही.

...

...

"पांढरी," खिम म्हणाली.

चौकटीत चांदणं आलं. एवढंच झालं. केंगने पोरीला उचलून छातीशी धरलं. तिचं अंग गरम होतं, श्वास चालू होता. नुच दचकून जागी झाली. केंगला रडूच आवरेना. "राणी, माझी शहाणी ती. तुला कुणी शिकवलं गं पांढरी म्हणायला?"

खिमने डोळे चोळले. "कुणी नाही. पांढरीच आहे ना, बाबा?"

काका थांबले. विडी कधीच विझली होती.

"वाचली म्हणजे," तोम हळूच म्हणाला.

"वाचली की. चांगली शाळेत जाते. सकाळी विरत स्वतः आला. गाडी प्रदर्शनात नेलीच नाही. नवीन अक्षरं लावून परत शेडमध्ये नेऊन झाकली. त्याला पाच महिने होऊन गेले, तेव्हा नुच माझ्याकडे एक वही घेऊन आली. म्हणाली, काका, पोरीचं चित्र बघा. मी बघितलं. घर होतं, सूर्य होता, झाड होतं. खोड तपकिरी, फुलं लाल. पानं नव्हतीच. मी म्हटलं, खिम, पानं काढायची राहिली गं. तिने कागदावर बोट फिरवलं. म्हणाली, काढलीत की, आजोबा. ही काय."

"मी कागद दिव्यासमोर तिरका धरला. पानं होती. सगळी होती, एकेक शीर सुद्धा. पांढऱ्या खडूने काढलेली."



"डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा नेलं. डोळे चांगले आहेत म्हणतात. खडूच्या पेटीत पांढरा झिजून नखाएवढा राहिलाय. हिरव्याचं टोक अजून मोडलेलं नाही. हिरवं लिंबू दाखवा, केळीचं पान दाखवा, भाताचं शेत दाखवा, ती पांढरंच म्हणते."

तळ्याकडून वारा आला. जिपने पिकअपच्या मागे जाऊन स्टिकरचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला, आणि बराच वेळ अंगठा तसाच ठेवला.

"उद्या सकाळच्या पाळीची पोरं येतील," काका उठत म्हणाले, "त्यांना सांग. ती त्यांच्या ओळखीच्यांना सांगतील. जिथे जिथे कुणी जुनी गाडी घासत असेल, तिथे पोचू दे. गाडी खोटं बोलत असेल तर बोलू द्यावं. ज्याने अक्षरं लावली त्याचा वार विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि घरात लहान लेकरू असेल तर रात्री खिडकी लावून घ्यावी. एवढं सांगायचं विसरू नकोस."