चंद्रावर पाठवलेला कुरकुरीत माठ

शाल्मलीनं ओव्हनचं दार उघडलं, ट्रेवरचं झाकण उचललं आणि तिचं तोंडच उतरलं. तिसऱ्यांदा तेच! लाल माठाची पानं कुरकुरीत व्हायची सोडून ट्रेमध्ये लोळागोळा होऊन पडली होती.

"अरेच्चा, ही तर भाजी झाली!" नाना म्हणाले. नाना म्हणजे तिचे आजोबा, जन्मभर वनस्पतींवर संशोधन केलेले.

शाल्मलीला हसू आलं नाही. तिची आई चार महिन्यांपासून चंद्रावरच्या तळावर इंजिनीअर होती. तिथलं जेवण म्हणजे पाकिटातून पिळायचा लगदा. "दाताखाली काहीतरी मोडावंसं वाटतं गं," असं ती परवा म्हणाली होती. उद्या यान सुटणार होतं. घरच्यांना पाठवता येणार होतं फक्त चाळीस ग्रॅम, तेही तेल नसलेलं. आणि परसात माठाची शेवटची जुडी उरली होती.

"ठोकळ्या, तू नेमकं काय केलंस, सांग बरं," नाना स्वयंपाकाच्या यंत्रमानवाला म्हणाले.

"पानं धुतली, मीठ लावलं, झाकण ठेवलं, झाकणावर पाणी घातलं आणि एक दणदणीत वाफ आणली," ठोकळा ऐटीत म्हणाला. "आईंच्या वहीत भाजीला असंच लिहिलंय."

घ्या! बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? झाकणावर पाणी ठेवून वाफ आणायची, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागतं का?

"हे बघ," नाना म्हणाले, "शंभर ग्रॅम पानांत नव्वदेक ग्रॅम पाणीच असतं. पान म्हणजे असंख्य पेशी (सजीवांच्या शरीरातल्या इवल्याशा खोल्या). खोल्यांतलं पाणी गेलं की उरतात कोरड्या भिंती. त्या मोडतात, तोच कुर्रकन आवाज."

"पण पाणी तर वाफ होऊन निघालंच की!"

"निघालं खरं. पण गेलं कुठे?"

शाल्मली झाकणाकडे बघत राहिली. आतून थेंब लोंबत होते. "झाकणाला अडलं! म्हणजे बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं) झालं, पण वाफेला बाहेरची वाटच नव्हती. तिचं परत पाणी होऊन पानांवरच पडलं."

"शाब्बास! आणि मीठ आधी लावलं की पानं आणखी पाणी सोडतात."

मग तिनं शेवटच्या जुडीची पानं फडक्यानं टिपली, एकावर एक न ठेवता पसरली. आच मंद, झाकण नाही, दार बोटभर उघडं.

"एक तरी वाफ..." ठोकळा कासावीस झाला.

"गप रे!"

पाऊण तासानं पान चिमटीत कुर्रकन मोडलं. एवढी मोठी जुडी एका डबीत मावली! हवेतला ओलावा पानं पुन्हा पितील, म्हणून तिनं मीठ भुरभुरून डबी लगेच घट्ट बंद केली.

यान सुटल्याच्या नवव्या दिवशी आई पडद्यावर आली. तिनं पान तोंडात टाकलं. कुर्रर्र! तिचे डोळे भरून आले, आणि शाल्मलीलाही रडू फुटलं.

"इथल्या सगळ्यांना एकेक पान वाटते आता," आई म्हणाली.

"अजून पाठवू?"

"पानं नकोत. मूठभर बी पाठव. इथल्या काचघरात पेरू. भाजताना निघालेली वाफ गार करून पाणी परत रोपांनाच घालू. फक्त भाजायचं कसं, ते तू शिकवायचंस."

शाल्मलीनं डोळे पुसले. "शिकवीन. पण आई, घाई करायची नाही हं. आणि मधेमधे बोलायचं नाही."

"बरं बाई," आई म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.