फ्लेक्सची खालची ओळ

दार ढकलून तो आत आला तेव्हा त्याच्या खांद्यांवर एवढा बर्फ साचला होता, की हारिमने आधी त्याच्याकडे नाही, नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे पाहिलं.

"बाहेर झटकून या," ती म्हणाली. "आत्ताच पुसलंय."

तो निमूट बाहेर गेला, अंग झटकलं, परत आला... आणि चष्म्यावर वाफ धरल्यामुळे काउंटर समजून कोपऱ्यातल्या कापडाच्या गुंडाळ्यांशीच बोलू लागला. "एक फ्लेक्स हवा होता. पाच मीटरचा. पदवीदानासाठी."

"मी इकडे आहे."

"अं... हो. सॉरी."

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातल्या एका विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरचं हे छपाईचं दुकान एरवी माश्या मारत बसायचं, पण जानेवारी सरत आला की तिथे श्वास घ्यायला फुरसत नसे. फेब्रुवारीअखेर पदवीदान. त्या दिवशी ज्युनिअर मुलं आपापल्या सीनियरांच्या नावाचे फ्लेक्स आवारात झाडाझाडांना बांधायची, आणि त्यात अभिनंदन कमी, टोमणे जास्त असायचे. टोमणे सुचले नाहीत की मुलं हारिमसमोर येऊन उभी राहायची. "ताई, काहीतरी खोचक द्या ना!" ताईकडे साठा भरपूर. 'बाहेर थंडी आहे सीनियर, पण इथलंही जेवण गारच असतं. निघा.' 'नकाशा नाही? मग रस्ता चुकल्याचं कळणारच कोणाला!' अर्ध्या विद्यापीठाला तिने असं हसवत, धीर देत बाहेर ढकललं होतं.

स्वतः मात्र ती जागची हलली नव्हती. सव्वीस पूर्ण, सगळे विषय सुटलेले, तरी पदवी लांबणीवर टाकायचा अर्ज तिने आतापर्यंत तीनदा भरला होता. नोकरी नसलेली विद्यार्थिनी ही विद्यार्थिनी असते. नोकरी नसलेली पदवीधर म्हणजे बेकार. मुलाखतीला गेलं की मधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब मागतात. हे कारण ती सगळ्यांना सांगायची. दुसरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कोणी उरलंच नव्हतं. मैत्रिणी एकेक करून राजधानीत, सोलला गेल्या होत्या. खोलीवर बोलायला भिंती. ग्रंथालयाच्या दाराशी कार्ड लावलं की ते 'टिंग' करून उघडायचं, आणि दिवसभरात तिला ओळखणारं तेवढंच एक होतं.

"मजकूर सांगा," ती म्हणाली.

त्याने फोनमधून वाचून दाखवलं. "बांग दोगन सीनियर, नऊ वर्षांनी का होईना, सुटलात. आता आमच्यासाठी जागा करा."

"खाली काय? कोणाकडून?"

"ज्युनिअर मंडळींकडून."

"ठीक. आणि ऑर्डर कोणाच्या नावाने घेऊ? तुमचं नाव?"

त्याने चष्मा काढून उगाचच पुसला. त्याचे डोळे वाफेविना बरेच तपकिरी होते, आणि या क्षणी बरेच लाजलेले.

"बांग दोगन."

हारिमची बोटं कीबोर्डवरच राहिली. "म्हणजे... सीनियरही तुम्हीच आणि मंडळीही तुम्हीच?"

"मंडळी जरा छोटी आहे," तो म्हणाला.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी स्वतःचं हसणं ऐकून तिलाच चमकल्यासारखं झालं.

मग त्याने सांगितलं. सैन्यातली सक्तीची दोन वर्षं, मग वडिलांचं आजारपण, मग वडील गेल्यावर वांदो बेटावरची घरची समुद्री शेवाळाची शेती, भाताला गुंडाळून खातात त्या शेवाळाची. आईला एकटीला झेपेना म्हणून आणखी दोन वर्षं. परत येऊन पाहतो तर वर्गातले सगळे पांगलेले आणि बाकावर अनोळखी पोरं. "आईने कुठेतरी व्हिडिओत हे फ्लेक्स पाहिले. म्हणाली, 'तुझाही लागेल ना रे?' मी म्हटलं, लागेल की! न लागायला काय झालं?" त्याने फोन खिशात ठेवला. "आता लावायला नको?"

नमुना बघायला तो दोन दिवसांनी आला. मग अक्षर थोडं मोठं हवं होतं म्हणून आला. मग अक्षर पहिल्याएवढंच बरं होतं म्हणून आला. दुकानाच्या मालकीण शिमबाई आतून ओरडल्या, "कापड पाच मीटरचं आणि फेऱ्या पाचशे मीटरच्या! त्याला एक खुर्ची तरी दे गं."

खुर्ची मिळाली. बसता बसता त्याने खिशातून हात गरम ठेवायची पुडी काढून काउंटरवर सरकवली. "तुमची बोटं निळी पडलीयेत."

"शाई आहे ती."

"मग शाई गरम ठेवा."

तिने पुडी मुठीत धरली. ती अजून त्याच्या खिशाइतकी उबदार होती.

"पदवी घेऊन काय करणार?" तिने विचारलं. हा प्रश्न स्वतःला कोणी विचारला तर तिला राग यायचा, पण दुसऱ्याला विचारायला मजा वाटली.

"परत वांदोला. वडिलांच्या शेवाळाच्या दोऱ्या पुन्हा समुद्रात सोडणार. पाणी गरम होत चाललंय, शेवाळ पूर्वीसारखं धरत नाही. एक दुसरी जात लावून बघणार आहे."

"धरेल?"

"माहीत नाही. समुद्राला विचारलं होतं. काही बोलला नाही."

"आणि नाही धरलं तर?"

"तेही माहीत नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रोज सकाळी, दात घासताना." त्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कधी वाटते?"

"मला... अर्ज भरताना," ती बोलून गेली. आणि मग पुढचं सांगावंच लागलं.

अर्ज काउंटरवरच होता, चौथ्यांदा भरलेला. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा. दिला तर आणखी सहा महिने विद्यार्थिनी. नाही दिला तर आपोआप पदवीधर. दोगनने तो वाचला, मग मागच्या भिंतीवर वाळत टांगलेले फ्लेक्स वाचले.

"हे सगळं तुम्हीच लिहिलंय? 'उडी मारा, पाणी किती खोल ते आत गेल्यावर कळेल'?"

"हो."

"आणि तुमची उडी?"

"मिठाईवाल्याने मिठाई खाल्लीच पाहिजे असं कुठे आहे?" ती जरा तोडूनच बोलली. "तुम्हीही सांगून टाका. हिंमत धर, बदलाला सामोरी जा, आयुष्य पुढे आहे... सगळे सांगतात."

"मी नाही सांगणार." त्याने अर्ज होता तिथे परत ठेवला. खिडकीबाहेर बर्फ पडत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "माझं एक काम कराल? पदवीदानाच्या दिवशी आईसमोर... एक तरी ज्युनिअर उभी हवी."

"मी तुमच्याएवढी असेन."

"मग समवयस्क ज्युनिअर."

"असं काही नसतं."

"माझ्या मंडळीत चालतं." तो उठला, मफलर गुंडाळला. "आणि फ्लेक्सवरचा माझा मजकूर काढून टाका. भिकार आहे. तुम्हाला मला जे सांगावंसं वाटेल ते लिहा. फक्त सल्ला नको. सल्ले आवारभर लटकणारच आहेत."

शुक्रवारी चार वाजता हारिम विद्यापीठाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. अर्ज कोटाच्या आत, घडी करून. खिडकीशी तिच्यासारखीच चार-पाच मुलं होती. खाली माना घालून अर्ज देत होती आणि निघून जात होती. रांग संपली. साडेचार झाले. तिने खिशात हात घातला. दोगनने दिलेली पुडी केव्हाच थंडगार झाली होती, तरी तिने ती टाकली नव्हती. पाचला दोन मिनिटं असताना खिडकीतल्या माणसाने मान बाहेर काढली.

"द्यायचाय का अर्ज?"

"नाही... नुसती बसलेय."

त्याने खिडकी लावून घेतली. हारिम फाटकापर्यंत रडत आली. धाडस केल्यासारखं काही वाटत नव्हतं. फार एकटं वाटत होतं, एवढंच. जी एक भिंत पाठीशी होती ती तिने स्वतःच सोडली होती, आणि हे फोन करून सांगावं असं एकही नाव सुचत नव्हतं. एक सुचलं. पण त्याचा नंबर ऑर्डरच्या वहीत होता, आणि वहीतून नंबर काढून रडणं तिला बरं दिसेना.

फ्लेक्सचा मजकूर काही केल्या जमेना. इतरांसाठी दहा मिनिटांत दहा ओळी पाडणारी हारिम पडद्यासमोर तीन दिवस बसून राहिली. शिमबाई म्हणाल्या, "नवसाचं लिहितेयस की काय?" शेवटी पदवीदानाच्या आदल्या दुपारी तिने दोन ओळी टाइप केल्या, पुन्हा न वाचता मशीनला पाठवल्या, आणि दोऱ्या ओवताना तिचे कान तापले होते.

पदवीदानाच्या सकाळी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकाशी फुलवाले, काळे झगे, चौकोनी टोप्या, आणि झाडाझाडांवर हारिमनेच लिहिलेला धीर फडफडत होता. ग्रंथालयासमोरच्या गिंकोच्या झाडाखाली दोगन आईला घेऊन आला. आई ठेंगणी, उन्हाने रापलेली, हातात सुक्या शेवाळाचं मोठं गाठोडं. तिने डोळे बारीक करून फ्लेक्स मोठ्याने वाचला.

"'दोगन, पुढचं मलाही माहीत नाही.'" मग खालची ओळ. "'हारिमकडून.'"

त्यावर 'ज्युनिअर मंडळी' कुठेच नव्हती. दोगन फ्लेक्सकडे बघत राहिला. त्याचा चष्मा पुन्हा धूसर झाला, आणि या वेळी थंडीचा काही संबंध नव्हता.

"ही हारिम कोण रे?" आईने विचारलं.

"मी," मागून आवाज आला.

त्याने वळून पाहिलं. हारिम काळ्या झग्यात उभी होती. झगा तिच्यापेक्षा दोन मापं मोठा होता. चांगल्या मापाचे आधीच संपले होते.

"अर्ज..." तो म्हणाला.

"नाही दिला. तुमच्यासाठी नाही हं."

"नाही नाही."

"थोडासा."

आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला सगळं समजलं, आणि समजल्याचं तिने लपवलंही नाही. "बाकीची मंडळी कुठेयत?"

"मंडळी एवढीच आहे, आई," दोगन म्हणाला.

"बरं झालं. मला वाटलं, सगळ्यांना जेवायला न्यावं लागतंय."

आजूबाजूला मुलं आपल्या टोप्या आईवडिलांच्या डोक्यावर ठेवून फोटो काढत होती. दोगननेही आपली टोपी आईच्या डोक्यावर ठेवली. आई ताठ उभी राहिली, जणू डोक्यावर पाण्याचा हंडा आहे. मग तिचं लक्ष हारिमकडे गेलं. "तुझ्या घरचं कोणी नाही आलं गं?"

"मी सांगितलंच नाही घरी. 'आता पुढे काय' विचारतील म्हणून."

"मग विचारू दे की. आम्हाला दुसरं येतं काय विचारायला?"

हारिमला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. तिने आपली टोपी काढली. "डोकं खाली कर," ती दोगनला म्हणाली.

"का?"

"कोणाच्या तरी डोक्यावर ठेवायचीच असते."

तो वाकला. टोपी त्याला लहान होत होती, तिला दोन्ही हातांनी दाबून बसवावी लागली. त्याच्या केसांना समुद्राचा वगैरे नाही, स्वस्त शांपूचा वास होता. तिने हात जरा जास्त वेळ तिथेच ठेवले, आणि त्यानेही मान उचलायची घाई केली नाही. आईने फोटो काढला. त्यात अर्ध्या भागात तिचा अंगठा आला.

तिघांनी गर्दीत जागा मिळवून काळ्या रश्श्याच्या शेवया खाल्ल्या, आणि दुपारच्या बसने मायलेक निघाले. निघताना आईने फ्लेक्स सोडवून गुंडाळला. "कापड जाड आहे. वाळत घातलेल्या शेवाळावर टाकायला होईल."

"येशील?" बसच्या पायरीवरून दोगनने विचारलं.

"बोलावतोस कधी?"

"आधी दोऱ्या सोडतो. धरलं तर... म्हणजे, माहीत नाही."

"मग मलाही माहीत नाही."

दोघंही हसले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बस वळेपर्यंत ती उभी होती. परतताना रिकाम्या आवारातले बाकीचे फ्लेक्स तिने एकेक करून उतरवले. सगळ्यांना कुठे ना कुठे जायचं होतं, आणि ते गेले होते.

मार्च लागला. हारिम सवयीने ग्रंथालयाच्या दाराशी गेली, कार्ड लावलं. दिवा लाल झाला. तिने पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मागची मुलगी म्हणाली, "ताई, जरा बाजूला होता?" ती बाजूला झाली. दुकानात आता नव्या खानावळींचे दोन-चार फ्लेक्स, नोकरीच्या अर्जांना येणारे नकार, आणि संध्याकाळी भिंती. एका रविवारी तिने आईला फोन करून सगळं सांगितलं.

"मग आता पुढे काय?"

"माहीत नाही, आई."

"हं... जेवलीस का?"

एप्रिलच्या सुरुवातीला दोगनचा फोटो आला. समुद्राकाठी बांबूच्या ताट्यांवर शेवाळ वाळत होतं, त्यावर तिचा फ्लेक्स अंथरलेला. दगड ठेवल्यामुळे वरची ओळ झाकली होती. खालची तेवढी दिसत होती: हारिमकडून. त्याखाली त्याने लिहिलं होतं, 'निम्म्या दोऱ्यांवर धरलं. निम्म्यांवर नाही. आई विचारते, मंडळी कुठे आहे?'

तिने तो तीनदा पाहिला. मग शिमबाईंना सांगितलं. त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "जा. एवढे दिवस दुसऱ्यांना ढकललंस, आता मी ढकलते."

बसस्थानकाच्या खिडकीशी हारिम म्हणाली, "एक, वांदो."

"परतीचंही काढू?" काचेपलीकडच्या बाईने विचारलं.

हारिमच्या खिशात ती थंड पुडी अजून होती. भीती वाटत होती, आणि ती वाटतच होती.

"परतीचं अजून माहीत नाही."

बाईने तिकीट सरकवलं. "सात नंबर फलाट. सुटतेच आहे, पळा."

हारिम पळाली.