इंजेक्शन घेतलेला मासा

"अगं, याची शेपटी कुणी खाल्ली?"

सिग्नेनं पाण्यातून डोकं बाहेर काढलं, तोंडातली नळी थुंकली आणि आधी हेच ओरडली. लोव्हा नदीचं पाणी भर उन्हाळ्यातही असं गार, की दात आपोआप ताल धरतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या इल्वाला ऐकू आलं ते "श-श-शेपटी" एवढंच.

"कुणाची शेपटी? तुझी?" दालचिनीच्या पावाचा लचका तोडत इल्वानं विचारलं.

"माशाची, गधडे! ये आत!"

"पाव संपू दे."

"पाव मी सांभाळतो," सिग्नेचा धाकटा भाऊ आयनार लगेच पुढे झाला. हा प्राणी खाण्याच्या वस्तू फार प्रेमानं सांभाळायचा. परत मात्र कधीच द्यायचा नाही.

सुट्टी लागल्यापासून तिघांचा हाच उद्योग. रबरी सूट चढवायचे, पाणचष्मे लावायचे, नदीत पालथं पडायचं आणि प्रवाह नेईल तसं वाहत जात डोहातले सॅल्मन मोजायचे. गावातली बाकीची पोरं फुटबॉल खेळत होती, खेळू देत. सिग्नेला यंदा फुटबॉल सुचत नव्हता. मध्ये माशांना खाणाऱ्या एका किड्यानं नदी नासवली होती, तेव्हा सगळी लोव्हा औषध घालून धुऊन काढावी लागली. मासे संपले. नदीच्या स्वतःच्या जातीची थोडी अंडी तेवढी दूर कुठेतरी टाक्यांत जपून ठेवलेली. सिग्ने दुसरीत असताना तिच्या वर्गानं ती बादल्यांतून आणली आणि नदीच्या खड्यांखाली पुरली. पिल्लं झाली, मोठी झाली, समुद्रात गेली आणि या उन्हाळ्यात पहिल्यांदाच घरी येत होती. मग मोजायला नको? आपलीच तर पोरं!

इल्वा एकदाची गिरणीच्या डोहात उतरली. दोघींनी डोकी बुडवली आणि बघतच राहिल्या.

नदीचा सॅल्मन म्हणजे चांदीची सुरी. सडपातळ, शेपटीची टोकं धारदार, सावली पडली की गायब! आणि हा? पोट सुटलेलं. पाठीवरचे पर चोथा झालेले. शेपटी झिजून गोल. आणि पळायचं नावच नाही! उलट सिग्नेच्या हाताकडे असा बघत बसला, जणू ही आता खायला घालणार. त्याच्यामागे तसाच दुसरा. त्याच्यामागे आणखी चार-पाच.

"हे आपले नाहीत," वर येऊन सिग्ने म्हणाली.

इल्वाचा चेहरा उतरला. तिचा बाबा शेटिल खाडीतल्या मत्स्यपालन केंद्रात कामाला होता. "पिंजऱ्याच्या गर्दीत घासून घासून शेपट्या अशा होतात," ती हळूच म्हणाली. "हे रुनारचे आहेत. पळून आलेत."

रुनार म्हणजे त्या केंद्राचा मालक. खाडीत त्याचे गोल गोल पिंजरे तरंगत होते आणि त्यांत लाखोंनी सॅल्मन. तिघं सायकली हाणत धक्क्यावर पोचली, तेव्हा स्वारी खुर्चीत रेलून वॉफलवर तपकिरी चीज रचत होती. गावात लहानमोठे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारायचे, त्यामुळे सिग्नेनं सरळच विचारलं, "रुनार, तुझं जाळं फाटलंय का?"

"फाटलं? भोक तुझ्या डोक्यात असेल! माझं जाळं नवंकोरं आहे."

"वादळानंतर कुणी पाण्यात उतरून बघितलं?"

"कसलं वादळ? झुळूक होती ती."

"त्या झुळकीनं आमच्या बोटीच्या शेडचं छप्पर नेलं," आयनार म्हणाला. त्याची नजर वॉफलवर होती.

"हे बघा, चिमुरड्यांनो," रुनारनं बोट नाचवलं. "मी आयुष्यभर सॅल्मन वाढवतोय. हजार माशांत माझा एक टाका, झोपेतसुद्धा ओळखीन! तो नदीत असता तर मला कळलं नसतं? जा, फुटबॉल खेळा!"

फुटबॉल! सिग्नेच्या कानांतून वाफा निघाल्या.

घरी आईसुद्धा धड बाजूनं बोलेना. आई, म्हणजे मारित, नदी सांभाळणाऱ्या संघाची अध्यक्ष होती. "मला पटतंय गं," ती म्हणाली. "पण तो म्हणेल, नदीतल्या दगडांनी शेपट्या झिजल्या. अर्धं गाव त्याच्याकडे कामाला आहे. पक्का पुरावा हवा."

"आणि तोवर काय? पानगळीला हे फोपशे आपल्या माशांशी जोडी जमवणार! त्यांची पिल्लं ना धड नदीची, ना धड पिंजऱ्याची. मग आम्ही बादल्या कशाला वाहिल्या?"

"सिग्ने, आवाज."

"चढणारच आवाज! आई, मी गप्प बसणार नाही."

संध्याकाळी बोटीच्या शेडच्या छपराखाली, म्हणजे छप्पर जिथं होतं तिथं, तिघांची सभा भरली.

"बाबानं रुनारला दोनदा सांगितलं, जाळं तपासू या म्हणून," इल्वा नखं कुरतडत म्हणाली. "रुनार म्हणाला, पाणबुडे बोलवायचे तर काम थांबतं. तू आपलं माशांना खाणं टाक. आता बाबा चारचौघांत बोलला तर त्याची नोकरी गेली."

"मग बाबानं बोलायचंच नाही," सिग्ने म्हणाली. "माशानं बोलायचं."

"मासा? तो काय बोलणार, बुडबुड?"

"पोट फाडलं की बोलतो! तूच नव्हतीस सांगत, त्यांना इंजेक्शन देतात ते?"

इल्वाचे डोळे चमकले. "हो की! पिल्लू बोटाएवढं झालं की पोटात सुई! रोग होऊ नये म्हणून. त्या औषधानं आतली आतडी एकमेकांना चिकटतात, काळे डाग पडतात. जन्मभर राहतात. नदीच्या माशाला कुठला डॉक्टर भेटतोय?"

"मग धरू एक आणि टाकू फाडून!" आयनारनं चाकू उपसल्याची ॲक्टिंग केली.

"छे," सिग्ने गालात हसली. ते हसू बघून आयनार अर्धा फूट मागे सरकला. ताई असं हसली की कुणाचं तरी काही खरं नसायचं. "आपण फाडला तर म्हणतील, पोरांनीच काहीतरी फासलं. तो रुनारनंच फाडायला हवा. त्याच्या हातानं. सगळ्या गावासमोर."

आणि तशी सोय गावानंच करून ठेवली होती. शनिवारी सॅल्मनचा दिवस होता! नदीचा सगळ्यात मोठा मासा जो धरेल, त्याला पितळी गळाचं बक्षीस. पण आधी त्यानं चर्चच्या हिरवळीवर, लांब टेबलावर, स्वतःच्या चाकूनं मासा साफ करायचा आणि तो अख्ख्या गावाच्या सुपात जायचा. नदी बंद होती तेवढी वर्षं बिचाऱ्यांनी सॉसेज उकडून सण साजरा केला. यंदा पहिल्यांदा खरं सूप होतं. आणि रुनारला तो गळ असा हवा होता, जसं आयनारला वॉफल. त्याच्या बापानं तो चारदा जिंकला होता. रुनारनं? एकदाही नाही.

शुक्रवारी दुकानात कॉफीच्या फळीपलीकडे रुनारची टोपी दिसली. फळीच्या अलीकडे तिघांची लगेच कुजबुज सुरू झाली. चांगली ठणठणीत कुजबुज!

"गिरणीच्या डोहात? खरं सांगतेस?" इल्वा.

"शप्पथ! राक्षस आहे राक्षस! भुलवायला लाल पत्र्याचा चमचा लावलेला गळ टाकला की येईल. कुणाला बोलू नकोस हं!"

"रुनारला तर मुळीच नको," आयनारनं आपल्या पदरचं घातलं. फळीपलीकडे एक डबा धाडकन पडला.

शनिवारी दुपारी हिरवळीवर सगळं गाव जमलं. मासे तोलणारा म्हातारा हाल्व्होर वजनकाट्यापाशी चष्मा पुसत उभा होता. हा मासा आला, तो मासा गेला, आणि मग गर्दी दुभंगली. रुनार! खांद्यावर धूड, चेहऱ्यावर चंद्र! काटा असा खाली गेला की हाल्व्होरनं शिट्टीच मारली.

मारितनं शेपटीकडे बघितलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, तोंड उघडलं... आणि सिग्नेनं तिच्या बुटावर पाय दिला. जोरात! आईनं लेकीकडे बघितलं. काय दिसलं कुणास ठाऊक, पण तोंड मिटलं.

"रुनार," सिग्नेनं गोड आवाजात विचारलं, "नक्की नदीचाच ना? तुझ्यातला एखादा नाही ना?"

"माझ्यातला?" रुनार गावाकडे वळून हसला. "ऐका! पोरीला वाटतं, मला माझे मासे ओळखू येत नाहीत! अरे, हा बघा कसा तालेवार! लोव्हाचं रक्त आहे हे! माझ्या पिंजऱ्यात असला एक जरी सापडला, तर हा गळ मी गिळून दाखवीन!"

टाळ्या पडल्या. रुनारनं चाकू परजला, पोटात घातला, सर्रकन ओढला आणि थांबला.

आतडी बाहेर येईनात. त्यानं ओढलं. सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं, आणि वर शाई सांडावी तसे काळे डाग. टाळ्या विरल्या. त्या केंद्रात काम करणारी माणसं गर्दीत कमी नव्हती. असलं पोट त्यांनी रोज बघितलेलं. कुणी खोकलं. कुणी बुटाकडे बघायला लागलं.

"हे काय, आत कुणी गोंद ओतला?" हाल्व्होरनं वाकून बघितलं.

"इंजेक्शन आहे ते!" आयनार बेंचवर चढून ओरडला. "रुनार, नदीच्या माशाला सुई कुणी टोचली रे? तू टोचलीस की बेडकानं?"

हशाचा असा फुगा फुटला की चर्चवरचे पक्षी उडाले.

"हा... हा दुसऱ्या कुणाचा तरी असेल!" रुनार लालबुंद झाला. "कुठूनतरी आलेला!"

"खाडीत पिंजरे एकट्या तुझेच," सिग्ने टेबलाला भिडून उभी राहिली. आता आवाजात साखर नव्हती. "डोहात असे खूप आहेत. आम्ही सांगितलं तेव्हा तू फुटबॉल खेळा म्हणालास. आमची नदी मरून परत आलीय, रुनार! आम्ही बादल्यांनी आणलीय ती! आता सांग, हा मासा नदीचा म्हणून तू खोटं बोललास, की जाळं धड आहे म्हणून?"

रुनार घाईघाईनं चाकू पुसायला लागला.

"जाळं वादळानंतर तपासलेलंच नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. शेटिल उभा होता, टोपी हातात चुरगाळत. "मी दोनदा सांगितलं होतं. आता तिसऱ्यांदा सांगतोय, सगळ्यांसमोर. काढायचं तर काढ मला." इल्वा धावत जाऊन बाबाच्या बाजूला उभी राहिली. मग केंद्रातलीच एक बाई त्याच्या शेजारी आली. मग आणखी तिघं. एवढ्या सगळ्यांना काढायचं म्हणजे पिंजऱ्यांना खाणं रुनारनंच टाकायचं!

"पाणबुडे बोलव," मारित शांतपणे म्हणाली. "आत्ता. की मी बोलवू?"

भोक सापडलं. वादळात येऊन आपटलेल्या बोटीच्या पंख्यानं फाडलेलं, गाय आरामात जाईल एवढं. मासे पळाले की त्याच दिवशी कळवायचं, असा नियम होता. रुनारला त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग गाव नदीवर लोटलं. गळ, जाळी, रबरी सूट, जे हाताला लागेल ते घेऊन. डोहात पुढे कोण? ही तिघं! कुठला मासा पाहुणा आणि कुठला घरचा, हे सांगायला मोठी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायची. पुढचे कित्येक दिवस गावाला जेवायला सूप होतं, आणि बदल म्हणून सूप.

शेवटी हाल्व्होरनं पितळी गळ तिघांच्या हातात ठेवला. "मासा न धरता हा जिंकणारे तुम्ही पहिलेच," तो म्हणाला. "लोव्हा तुमची राहिली, पोरांनो."

"पण रुनार तो गिळणार होता ना?" आयनारनं फार निरागसपणे विचारलं.

मारितनं लेकीच्या ओल्या केसांवर हात ठेवला. "माझ्या पायाचा अंगठा अजून दुखतोय. शाब्बास!"

सुट्टी संपता संपता रुनार नदीवर आला. अंगात रबरी सूट, इतका घट्ट की श्वास अडकलेला. जरा वेळ पायानं खडे ढकलत उभा राहिला. "ते... घरचा ओळखायचा कसा, दाखवता का?"

"पोहायला येतं?" इल्वानं विचारलं.

"बेताचं."

"मग पालथा पड. आणि बडबड करू नकोस!" सिग्ने म्हणाली.

चौघं प्रवाहाबरोबर वाहत निघाली. गिरणीच्या डोहात एक चांदीची सुरी उभी होती. सडपातळ, शेपटीची टोकं धारदार. रुनारनं कौतुकानं हात पुढे केला मात्र, ती सुरी पाणी चिरून केव्हाच पसार!

"गेला!" रुनार पाणी थुंकत वर आला. "अरे, थांबलासुद्धा नाही!"

"थांबेल कशाला?" सिग्ने हसली. "तो तुझा थोडाच आहे!"