काजव्याची सत्तर सेकंदं

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळपासून आभाळ भरलेलं, पाऊस नाही, वारा पडलेला.

नव्या टॉर्चच्या चाचणीचा आज सहावा दिवस. टॉर्च तीन बोटं लांब, मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होणारा. रोज खिशात बाळगायची वस्तू आधी पारखून घ्यावी, या मताचा मी आहे. त्यामुळे पाच दिवसांत तो कंबरेच्या उंचीवरून दहा वेळा फरशीवर टाकला, अर्धा तास बादलीत बुडवून ठेवला, आणि प्रत्येक उजेडावर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून लिहिलं. मंद उजेड रात्रभर पुरतो. मध्यम, तीन तास सात मिनिटं. सगळ्यात मोठा उजेड मात्र सत्तर सेकंदच टिकतो. मग टॉर्च तापतो आणि आपोआप मंदावतो. सात वेळा मोजलं, सातही वेळा सत्तर.

बायको म्हणाली, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हतीत."

थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तर त्याचं बारसंच करून टाकलं. काजवा. "तुझा काजवा आज काय म्हणतो?" असं रोज विचारायचा.

आम्ही दोघे भाऊ धरणावर कामाला. धरणाच्या भिंतीच्या पोटातून एक बोगदा जातो. त्यात एकतीस नळ्या आहेत. प्रत्येक नळीखाली मापटं धरून मिनिटाला किती पाणी गळतं ते लिहायचं, हे आमचं काम. बोगदा दोन्ही बाजूंनी उतरत मध्यावर येतो. तिथे वीस फूट खोल खड्डा आहे. झिरपलेलं पाणी त्यात जमतं आणि पंप ते उपसून बाहेर टाकतो. खड्ड्यावर पलीकडे जायला एक फळी आहे, दीड फूट रुंद. पलीकडचं बाहेरचं दार सात वर्षांपूर्वी चिणून टाकलं. म्हणजे जायची-यायची वाट एकच.

आत हाक घुमते, शब्द कळत नाहीत. म्हणून भिंतीलगतच्या लोखंडी पाइपवर ठोकायची रीत. तीन ठोके म्हणजे मी येतोय. दोन म्हणजे सगळं ठीक. एक म्हणजे आहेस तिथेच थांब. एक ऐकला की पाऊल उचलायचं नाही, कारण विचारायचं नाही. समोरच्याला काहीतरी दिसलंय, असं धरून चालायचं.

आज पाळी दादाची होती. अकरा चाळीसला वीज गेली. पंप बंद, बोगद्यातले दिवेही बंद. डिझेलचा पंप लावायला गेलो तर त्याचा पट्टा तुटलेला. नवा पट्टा शहरातून यायला संध्याकाळ होणार होती. साडेबारा वाजले तरी दादा वर आला नाही.

पंपवाला पंपघरातून थेट खड्ड्यात उतरणाऱ्या भोकात लांब काठी बुडवून पाणी मोजत होता. "खड्डा भरला. आता बोगद्यात चढतंय. दहा मिनिटाला वीतभर."

"दादाकडे मोठी बॅटरी आहे ना?"

"आहे. पण ती सकाळीच डोळे मिचकावत होती." तो घुटमळला. "एकट्याने जाऊ नकोस रे. साहेबांना येऊ दे."

"साहेब येईपर्यंत तू पंपाकडे बघ. पंप तुझा, भाऊ माझा."

बारा पस्तीसला मी आत शिरलो. मध्यम उजेड लावला. बाहेर भरदुपार असली तरी तिसऱ्या नळीनंतर दाराचा उजेड दिसत नाही. ओल्या चुन्याचा वास, गार हवा, आणि नळ्यांचं टपटपणं. नेहमी त्यावर पंपाची घरघर असते. आज ती नव्हती, त्यामुळे एकेक थेंब वेगळा ऐकू येत होता.

पान्याने पाइपवर तीन ठोके दिले. मी येतोय.

थोड्या वेळाने उत्तर आलं. खोलवरून. एक.

पाय जागीच थबकले. वीस वर्षांची सवय. मी टॉर्च पुढे धरला, पण बोगद्याला तिथे वळण आहे, पुढचं दिसेना. वाट पाहिली. पुन्हा तीन ठोके दिले. पुन्हा एक. दादाला काही दिसलं असेल, भिंत फुटली असेल, म्हणून मी उभा राहिलो. घड्याळाप्रमाणे नऊ मिनिटं. तेवढ्यात पाणी बुटांच्या वर आलं. मग तिसऱ्यांदा ठोका पडला. या वेळी मी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हा मी नियम मोडला. वळण ओलांडून खड्ड्याच्या काठापर्यंत गेलो.

दादा पलीकडे, चोविसाव्या नळीपाशी, भिंतीला टेकून बसला होता. पाणी कंबरेपर्यंत. वही छातीशी धरलेली. उजेड पडताच त्याने डोळे झाकले.

"आलास होय! किती वेळ बसवून ठेवशील रे? गारठलो मी."

"मी... बसवून ठेवलं?"

"मग काय! बॅटरी विझली तशी मी फळीकडे निघालो होतो. तू थांब म्हणालास, थांबलो. दर वेळी उठायला गेलो की ठोका. पाणी चढलं तरी ठोका."

"दादा, मी आत्ता येतोय."

दादाच्या मागे, चढावर, पंचविसाव्या नळीच्याही पलीकडून, पाइप वाजला.

एक.

दादा हलक्या आवाजात म्हणाला, "मग हा... कोण?"

"ते नंतर बघू. ऊठ."

"थांब म्हटलंय..."

"मी म्हणतोय ऊठ! वहिनीला काय सांगू, नियम पाळत बुडाला म्हणून?"

तो उठला. पण फळी गुडघाभर गढूळ पाण्याखाली गेलेली. खड्ड्यावर कठडा नाही. तिथे पाइप छताजवळून जातो, हात पोचत नाही. मध्यम उजेड पाण्यावरूनच परत येत होता. मोठा उजेड लावला तरी सत्तर सेकंदं. फळी बारा फूट, आणि दादाचे गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे.

वरून काहीच दिसणार नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, दंडापर्यंत हात पाण्यात घातला, टॉर्च फळीच्या टोकाशी टेकवला आणि मोठा उजेड लावला. गढूळ पाणी आतून पेटल्यासारखं पिवळं झालं. त्यात फळीच्या दोन्ही कडा काळ्या रेघांसारख्या सरळ उमटल्या.

"दोन रेघांच्या मधून ये. एक... दोन... तीन..."

मी मोठ्याने सेकंद मोजत होतो. दादा पाय घासत येत होता. तेरा. वीस. पस्तीसला तो मध्यावर थांबला.

छताजवळचा पाइप वाजला होता. बरोबर माझ्या डोक्यावर. त्यावरचा गंज माझ्या मानेवर पडला. टॉर्च वर केला असता तर दिसलं असतं. पण दादाचा पाय फळीवर होता.

"काजव्याकडे बघ," मी म्हणालो. "वर बघू नकोस. छत्तीस... सदतीस..."

तो निघाला. साठ. पासष्ट. अजून दोन पावलं बाकी. सत्तर. एकाहत्तर. बहात्तर. उजेड तसूभरही कमी झाला नाही. पाण्यात धरल्यामुळे टॉर्च तापतच नव्हता! अर्धा तास बादलीत ठेवला तेव्हा तो मंद उजेडावर होता, त्यामुळे हे मला कळलंच नव्हतं. त्र्याऐंशीला दादाचा हात माझ्या हातात आला. असा घट्ट की मनगटावर अजून वळ आहेत.

वळणापाशी मी थांबलो. भीती होती, पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. पान्याने पाइपवर कडकडून दोन ठोके दिले. सगळं ठीक.

उत्तर आलं नाही.

बाहेर आलो तेव्हा एक वाजून चार मिनिटं. पंपवाल्याने दोघांना एकदमच मिठी मारली आणि मग उगाच काठीला शिव्या दिल्या. वहिनी धावत आली. आधी दादाला फैलावर घेतलं, मग त्याच्या अंगावर कोरडी चादर टाकली. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, हा काजवा मिळतो कुठे? मला दोन हवेत. एक यांच्या गळ्यात बांधते."

दादा चहाची बशी धरून हसत होता. "नाव मागे घेतो," तो म्हणाला. "काजवा नाही, सूर्य आहे."

संध्याकाळी साहेबांसमोर वही उघडली. दादाने चोविसाव्या नळीपर्यंत लिहिलं होतं. त्याखाली पंचवीस ते एकतीस, सातही नळ्यांचे आकडे भरलेले होते. अक्षर दादाचं नाही, माझंही नाही.

बुधवार, १० सप्टेंबर. आभाळ मोकळं, ऊन. पंप सुरू, बोगदा कोरडा. साहेब, पंपवाला आणि मी, तिघांनी जाऊन त्या सात नळ्या पुन्हा मोजल्या. सातही आकडे जुळले.